धुराची वाट पाहणारे डोंगर

अमेरिकेच्या आयडाहो राज्यात, लॉक्सा नदीच्या उत्तरेला, डोंगराच्या माथ्यामाथ्याने जाणारा एक कच्चा रस्ता आहे. वनसेवेच्या नकाशात त्याचा क्रमांक ५००. लोक त्याला 'लोलो मोटरवे' म्हणतात. नावातला डौल रस्त्यात नाही. एका वेळी एकच गाडी जाईल एवढी रुंदी, मध्ये उघडे पडलेले खडक आणि जुलैपर्यंत रेंगाळणारा बर्फ. वाटेत पेट्रोल नाही, वस्ती नाही. याच रस्त्याच्या एका फाट्यावर कॅसल ब्यूटची अग्निटेहळणीची चौकी आहे: चहूबाजूंनी काचेच्या खिडक्या असलेली एक खोली. तिथवर पोचल्यावर आधी दिसतात त्या एकामागे एक सरकत गेलेल्या डोंगररांगा. 'निर्मनुष्य' हा शब्द ओठांवर येतो, आणि आमच्या मते नेमका तोच शब्द इथे तपासून घ्यावा लागतो.

हा रस्ता १९३०च्या दशकात मंदीच्या काळातील बेकार तरुणांच्या सरकारी पथकांनी बांधला. पण वाट त्यांनी शोधली नव्हती. निमीपू लोक (इंग्रजी कागदपत्रांत ज्यांना फ्रेंच नाव चिकटले ते नेझ पर्स) बायसनच्या शिकारीसाठी पूर्वेकडच्या मैदानात जात ते याच धारेवरून. खालची दरी झाडोऱ्याने आणि कड्यांनी अडलेली, म्हणून वाट वरून. १८०५च्या सप्टेंबरात लुईस आणि क्लार्क यांची तुकडी येथे बर्फात सापडली आणि भुकेपोटी तिने आपल्याजवळची शिंगरे मारून खाल्ली. शालेय इतिहासात हा प्रसंग साहसाचा म्हणून येतो. ज्यांच्यासाठी ती वहिवाटीची वाट होती त्यांच्या बाजूने तो क्वचितच सांगितला जातो. १८७७च्या जुलैत याच वाटेने सुमारे साडेसातशे निमीपू स्त्री-पुरुष, मुले आणि म्हातारी माणसे, दोन हजारांहून अधिक घोड्यांसह, जनरल हॉवर्डच्या सैन्यापुढे निघून गेली. ५ ऑक्टोबर रोजी, कॅनडाची सीमा अवघ्या चाळीस मैलांवर असताना, चीफ जोसेफने शस्त्र खाली ठेवले.

त्यानंतर तेहतीस वर्षांनी या डोंगरांना आग लागली. १९१०च्या ऑगस्टमधील २० आणि २१ या दोन दिवसांत आयडाहो, मोंटाना आणि वॉशिंग्टन मिळून सुमारे तीस लाख एकर जंगल जळाले. किमान ८५ माणसे मेली, त्यांत बहुतेक आग विझवायला गेलेले मजूर. वनसेवा तेव्हा जेमतेम पाच वर्षांची होती. या धक्क्यातून तिने जो निष्कर्ष काढला तो असा, की आग म्हणजे शत्रू आणि शत्रू लांबूनच दिसला पाहिजे. टेहळणीच्या चौक्या शिखराशिखरावर उभ्या राहिल्या त्या या भीतीतून. गडकोटांवरचे टेहळणी बुरूज पाहिलेल्या मराठी वाचकाला ही रचना लगेच उमगेल. फरक इतकाच, की इथे येणारी स्वारी धुराची.

चौकीच्या मधोमध ऑस्बोर्न यांचे यंत्र असे: नकाशा बसवलेली गोल तबकडी आणि तिच्याभोवती फिरणारी नेमपट्टी. टेहळ्याने धुरावर नेम धरायचा, कोन वाचायचा आणि टेलिफोनवरून कळवायचा. दुसऱ्या शिखरावरूनही तसाच कोन आला की दोन रेषा जिथे छेदतात तिथे आग. वादळात विजेपासून बचावासाठी पायांना काचा लावलेल्या स्टुलावर उभे राहायचे. १९३५ साली तर नियमच झाला, की आग दिसल्यापासून दुसऱ्या दिवशी सकाळी दहापर्यंत ती आटोक्यात आलीच पाहिजे. निमीपूंसह अनेक मूळ रहिवासी कुरणे मोकळी राहावीत म्हणून मुद्दाम लहान आगी लावीत. त्या ज्ञानाला या नियमात जागाच नव्हती. न जळलेला पालापाचोळा आणि दाट वाढलेली रोपे साचत गेली, आणि पुढच्या आगी अधिक उग्र झाल्या. १९७०च्या दशकात तो नियम मागे पडला.

साहित्याच्या अभ्यासकांना अशी चौकी बहुधा केरुआकमुळे ठाऊक असते. १९५६च्या उन्हाळ्यात तो वॉशिंग्टन राज्यातील डेसोलेशन शिखरावर ६३ दिवस राहिला; त्याआधी गॅरी स्नायडरने त्याच परिसरात १९५२ आणि १९५३ साली ही नोकरी केली होती. त्यांच्यामुळे चौकी म्हणजे ध्यानाची गुंफा असे चित्र रुजले. आम्हांला त्यापेक्षा नॉर्मन मॅक्लीन जवळचा वाटतो. शिकागो विद्यापीठात साहित्य शिकवून निवृत्त झाल्यावर, १९७६ साली प्रसिद्ध झालेल्या पुस्तकातील एका दीर्घकथेत त्याने १९१९च्या उन्हाळ्यातील वनसेवा उभी केली. तिची भूमी हीच, लॉक्साच्या पलीकडची. त्या कथेतल्या पोराला ग्रेव्ह पीकवर टेहळणीला धाडतात ते जवळपास शिक्षा म्हणून. तिथे निर्वाण नाही; खेचरे आहेत, स्वयंपाक्याशी वैर आहे आणि पत्त्यांचा डाव आहे. एकांताला नोकरी म्हणून पाहिल्यामुळे डोंगर माणसांनी भरलेला दिसतो.

विमाने आली, आणि बहुतेक चौक्या मोडीत निघाल्या. काही वनसेवेने प्रवाशांना रात्रीपुरत्या भाड्याने द्यायला सुरुवात केली. कॅसल ब्यूट त्यांपैकीच. खाली, नदीकाठाने, १९६२ साली पूर्ण झालेला डांबरी महामार्ग धावतो. वरून त्याचा आवाज येत नाही.