यथासंख्य : स्तंभ सरकवण्याची एक जुनी गोष्ट

एका बाजूस घणसोली गाव, दुसऱ्या बाजूस ठाणे-बेलापूर पट्ट्यातली संगणक-कार्यालये, आणि मध्ये रेल्वेचे रूळ. त्या कार्यालयांत नोकरीस असलेल्या आमच्या एका माजी विद्यार्थ्याने गावातल्या घरी आम्हांस एक कोडे घातले. आकड्यांचे कोष्टक आहे. त्याचा प्रत्येक स्तंभ वेगवेगळ्या घरांनी वर किंवा खाली सरकवायचा, टोकाबाहेर गेलेला आकडा दुसऱ्या टोकाला आणायचा. मात्र हे सारे 'लूप' न लिहिता, म्हणजे 'पहिला स्तंभ घे, सरकव, मग दुसरा घे' असे न सांगता. साहित्याच्या मास्तरांना हे कशाला, असे वाचकांस वाटेल. आम्हांसही वाटले होते.

पण हे कोडे आमच्या अंगणातले निघाले. पाणिनीच्या अष्टाध्यायीत पहिल्या अध्यायाच्या तिसऱ्या पादात दहावे सूत्र आहे. दोन याद्या समसंख्य असतील तर पहिल्याचा संबंध पहिल्याशी, दुसऱ्याचा दुसऱ्याशी लावावा, असा त्याचा आशय. अलंकारशास्त्रातले 'यथासंख्य' याच कुळातले. स्तंभांची एक यादी, सरकण्याच्या मापांची दुसरी. जोड्या लावणे वाचणाऱ्यावर सोपवले की फेरा सांगावाच लागत नाही.

गणितात हे सरकवणे नारायण पंडिताच्या 'गणितकौमुदी'त (१३५६) भेटते. तिच्यातल्या 'भद्रगणित' या प्रकरणाचा विषय जादूचे चौरस. विषम चौरसासाठी दोन कोष्टके मांडायची, एक छाद्य, दुसरे छादक, आणि ओंजळीचे दोन तळवे मिटावेत तशी ती एकमेकांवर मिटायची. म्हणून हा 'संपुट' विधी. तीन घरांचा चौरस घेऊ. तिन्ही स्तंभांत वरून खाली १, २, ३ लिहा. पहिला स्तंभ एक घर खाली सरकवा, मधला तसाच ठेवा, तिसरा एक घर वर न्या. ओळी होतात ३ १ २, १ २ ३, २ ३ १. दुसऱ्या कोष्टकात ०, ३, ६ हे आकडे याच रीतीने मांडा : ६ ० ३, ० ३ ६, ३ ६ ०. ते डावे-उजवे उलटवून पहिल्यावर मिटा आणि बेरीज करा : ६ १ ८, ७ ५ ३, २ ९ ४. आडवी, उभी, तिरपी, कोणतीही बेरीज १५. मधला स्तंभ जागचा हलत नाही म्हणूनच तिरप्या बेरजा जमतात. सगळे स्तंभ आणखी एकेक घर सरकवून पाहा, कर्ण लगेच बिघडतो.

येथे अभिमानाने थांबण्याचा मोह होतो, आणि आमच्याकडच्या पुष्कळ लेखनात तो आवरला जात नाही. नारायणाने संगणकाची भाषा लिहिली नाही. त्याने हातांची एक प्रतिमा दिली. करणारा माणूसच होता. यंत्राला हे सांगता येईल अशी चिन्हे केनेथ आयव्हरसनने घडवली. 'ए प्रोग्रामिंग लँग्वेज' या त्याच्या १९६२ च्या पुस्तकात ओळी आणि स्तंभ फिरवण्याची चिन्हे आहेत, आणि प्रत्येक स्तंभाला आपापले माप देण्याची सोयही. १९७९ साली ट्युरिंग पुरस्कार स्वीकारताना त्याने जे व्याख्यान दिले त्याचा विषयच चिन्हलेखन हे विचाराचे साधन, असा होता. हे व्याख्यान भाषाविज्ञानाच्या वर्गात का वाचले जात नाही, हे आम्हांस कळलेले नाही.

आज प्रचारात असलेल्या 'नमपाय'मध्ये 'रोल' हा शब्द आहे, पण तो एका दिशेला एकच माप घेतो. सारे स्तंभ सारखेच सरकतात. मग उलटा विचार करावा लागतो. आकडे हलवायचेच नाहीत, पत्ते हलवायचे. प्रत्येक घराने विचारायचे, 'माझ्याकडे येणारा आकडा कोणत्या ओळीतून यावा?' ओळक्रमांकातून त्या स्तंभाचे माप वजा करायचे, ओळींच्या संख्येने भागून उरलेली बाकी घ्यायची. शून्यापासून मोजले की तीच ओळ. ऋण उत्तरही बाकी घेताच पुन्हा कोष्टकात येते. अशा पत्त्यांचे एक कोष्टक करून सगळे आकडे एकदम मागवायचे. यंत्राच्या पोटात फेरे चालूच असतात, अर्थात. लिहिणाऱ्याला ते दिसत नाहीत, एवढेच.

विद्यार्थ्याने ती ओळ तिथेच लिहून चालवून दाखवली. मापे दिली होती १, ०, उणे १. पडद्यावर ३ १ २ उमटले, आणि त्याने आम्हांस विचारले, "सर, ते सूत्र कितवे म्हणालात?"