चिंचगुंडीचा हल्ला आणि त्यानंतरचा न्याय

श्रोतेहो, सत्तावनचे बंड म्हटले की मेरठ, कानपूर, झाशी ही नावे चटकन ओठांवर येतात. पण त्या वणव्याची एक ठिणगी आपल्या प्राणहितेच्या काठीही पडली होती.

1854 साली डलहौसीने नागपूरचे राज्य खालसा केले आणि चांद्याचा मुलूख कंपनीकडे गेला. 1858 च्या मार्च महिन्यात मोलमपल्लीचे तरुण गोंड जमीनदार बाबुराव शेडमाके यांनी बंड पुकारून राजगड परगणा ताब्यात घेतला. अडपल्ली-घोटचे जमीनदार व्यंकटराव त्यांना येऊन मिळाले. 29 एप्रिलला त्यांच्या लोकांनी चिंचगुंडीच्या तळावर हल्ला केला. गार्टलंड आणि हॉल हे तारखात्याचे दोन नोकर मारले गेले. पीटर नावाचा त्यांचा सोबती निसटला आणि त्याने चांद्याचे डेप्युटी कमिशनर कॅप्टन क्रिक्टन यांना खबर दिली.

कोणी विचारील, हे तर तारेचे नोकर. लढाईशी यांचा काय संबंध? पण हुकूम आणि फौज हलत असे ती या तारेच्याच जोरावर. बंडवाल्यांना ती शत्रूची शीर वाटली. तरीही दोन माणसांचे प्राण गेले, हेही विसरता येत नाही.

आता पुढचा न्याय पाहा. जमीनदारी जप्त करण्याचा धाक क्रिक्टनने अहेरीच्या लक्ष्मीबाईंना घातला. त्यांनी 18 सप्टेंबरला बाबुरावांना सरकारच्या हवाली केले. खटला झाला आणि 21 ऑक्टोबरला चांद्याच्या तुरुंगात त्यांना फाशी दिले. पकडल्यापासून फासापर्यंत जेमतेम महिना! त्यानंतर अकराच दिवसांनी, 1 नोव्हेंबरला, राणीचा माफीचा जाहीरनामा निघाला. मात्र इंग्रज प्रजाजनांच्या खुनात प्रत्यक्ष भाग घेतल्याचे शाबीत झालेल्यांना त्यातून वगळले होते. म्हणजे ही माफीही बाबुरावांच्या कामी आली नसती.

व्यंकटराव बस्तरात निसटले. 1860 साली तेथल्या राजाने त्यांना पकडून दिले. त्यांना जन्मठेप काळ्या पाण्याची शिक्षा झाली, मालमत्ता जप्त झाली. आणि अडपल्ली-घोटची 67 गावे लक्ष्मीबाईंना बक्षीस मिळाली.

एकाला फास, दुसऱ्याला काळे पाणी, तिसरीला गावे. गुन्ह्याची शिक्षा आणि राज्याची सोय एकाच कचेरीतून वाटली गेली, की न्याय कोठे संपतो आणि राजकारण कोठे सुरू होते, हे सांगणे कठीण होते.

2009 साली भारत सरकारने बाबुरावांचे टपाल तिकीट काढले. गुरुजींनो, ते तिकीट मुलांना जरूर दाखवा. पण या तारखाही फळ्यावर ओळीने लिहा आणि निवाडा मुलांनाच करू द्या.