गिरणीतील वजन : मुंबईचा जॉबर आणि सहकाऱ्यांवरील प्रभावाचा इतिहास

हातात लेखी अधिकार फारसा नसतानाही एखादा माणूस बरोबरीच्या लोकांकडून काम करवून घेतो, त्यांना थोपवतो किंवा हलवतो, तेव्हा त्याचे हे वजन नेमके कशातून येते, हा प्रश्न आज व्यवस्थापनशास्त्राचा मानला जातो आणि त्याचे उत्तर शोधण्यासाठी कर्मचाऱ्यांकडून प्रश्नावल्या भरून घेतल्या जातात. मुंबईच्या कापडगिरण्यांत मात्र हा प्रश्न त्याच्या कितीतरी आधी उभा राहिला होता, आणि तो मालकांनी, सरकारने, कामगार संघटनांनी व पुढे इतिहासकारांनीही मुख्यतः एकाच असामीविषयी विचारला. ती असामी म्हणजे जॉबर, अर्थात गिरणीच्या एका खात्यातील कामगारांवर देखरेख करणारा, त्यांची यंत्रे लावून देणारा आणि स्वतः त्याच कामगारांतून वर आलेला मुकादम. त्याच्या प्रभावाचे मूल्यमापन जितक्यांनी केले तितकी उत्तरे निघाली, आणि त्यांतील बहुतेक उत्तरांत प्रभाव टाकणाऱ्याकडे जेवढे लक्ष दिले गेले तेवढे प्रभाव पत्करणाऱ्याकडे दिले गेले नाही, हा या इतिहासातील मोठा दोष आहे.

कावसजी नानाभाई दावर यांनी 1854 मध्ये ताडदेव येथे स्थापलेल्या कंपनीची गिरणी 1856 मध्ये सुरू झाली, आणि पुढच्या काही दशकांत परळ, लालबाग, चिंचपोकळी, वरळी या भागांत गिरणगाव वसले. भांडवल बहुतांशी पारशी, गुजराती आणि बगदादी यहुदी व्यापाऱ्यांचे होते, यंत्रे इंग्लंडहून येत, अनेक तांत्रिक अधिकारी लँकेशायरचे असत, तर कामगारांत मोठा भरणा रत्नागिरी, सातारा आणि कोल्हापूर या भागांतून आलेल्या मराठी माणसांचा होता. मालकाला कामगारांची भाषा, नाती आणि गावे ठाऊक नव्हती, आणि ती समजून घेण्याची यंत्रणा उभारण्याचा खर्च त्याला परवडणारा वाटत नव्हता. सूत-कापडाच्या बाजारातील चढउतारांप्रमाणे माणसे कमीजास्त करता यावीत एवढीच त्याची गरज होती. ही गरज जॉबरने भागवली, आणि त्या बदल्यात भरती, शिक्षा, रजा व बडतर्फी या बाबी व्यवहारात पुष्कळशा त्याच्या हाती गेल्या. मालकांनी ही सत्ता त्याला समारंभपूर्वक बहाल केली नव्हती, पण ती त्याच्याकडे साचत असताना त्यांनी हरकतही घेतली नाही, आणि पुढे त्याच सत्तेबद्दल तक्रार करण्यात तेच पुढे होते.

या वजनाचे सर्वांत उघड रूप सकाळी गिरणीच्या दरवाजावर दिसे. खाडे करणाऱ्या कायम कामगारांच्या जागी त्या दिवसापुरता घेतला जाणारा कामगार म्हणजे बदली. असे अनेक बदली रोज दारात उभे राहत आणि त्यांतून कोणाला आत घ्यायचे हे जॉबर ठरवी. या निवडीसाठी, तसेच नोकरी टिकवण्यासाठी, जॉबरला जी रक्कम द्यावी लागे तिला दस्तुरी म्हणत, आणि तिचा भार गरीब कामगारावर किती पडे याची वर्णने विसाव्या शतकाच्या पहिल्या तीन दशकांतील चौकशांत पुन्हा पुन्हा येतात. परंतु दस्तुरी हा संबंधाचा एकच पदर होता. गावाहून आलेला तरुण चाळीतील गावकऱ्यांच्या गाळ्यात पथारी टाकी, एखाद्या बाईच्या खानावळीत उधारीवर जेवे, अडीनडीला सावकाराकडून कर्ज काढी, आणि या प्रत्येक ठिकाणी त्याच्यासाठी शब्द टाकणारा माणूस लागे. हा माणूस पुष्कळदा जॉबर असे. काही जॉबर स्वतःच पैसे व्याजाने देत. त्यामुळे गिरणीतील त्याचा शब्द चाळीत चाले आणि चाळीतील त्याची पत गिरणीत कामी येई. गिरणगावात कामाची जागा आणि राहण्याची जागा इतकी एकमेकांत गुंतलेली होती की जॉबरचा प्रभाव केवळ कारखान्याच्या आत शोधणाऱ्याला त्याचा अर्धाही उलगडा होणे शक्य नव्हते.

त्याचबरोबर जॉबर हा कसबी माणूस होता, ही गोष्ट त्याच्यावरील टीकेत बहुधा झाकोळली गेली. जुनी, झिजलेली यंत्रे आणि हलक्या प्रतीचा कापूस यांच्यामुळे धागा वारंवार तुटे. अशा वेळी साचा, म्हणजे हातमागाच्या जागी आलेले विणकामाचे यंत्र, पुन्हा चालता करणे, नवख्याला शेजारी उभे करून काम शिकवणे आणि खात्याचे उत्पादन घसरू न देणे ही कामे त्याच्यावर होती. विणकराची कमाई कापडाच्या मापावर ठरत असल्यामुळे ज्याचा साचा जॉबर लवकर दुरुस्त करी त्याच्या घरी पैसे जास्त जात. या साध्या गोष्टीत आदर, कृतज्ञता आणि भीती यांची सरमिसळ होती, आणि ती वेगवेगळी करून दाखवणे त्या कामगारालाही जमले नसते.

सूत गुंडाळण्याच्या वाइंडिंग आणि रीलिंग खात्यांत स्त्रिया काम करत व त्यांच्यावर नायकीण असे. तिच्या हातीही अशीच निवडीची सत्ता होती. या व्यवस्थेची सर्वांत अन्यायकारक बाजू मात्र विणकाम खात्यात होती. धोट्यातील कांडी बदलताना सूत तोंडाने ओढून घ्यावे लागे, आणि स्पर्शाच्या विटाळाचे कारण सांगून दलित कामगारांना त्या जास्त मजुरीच्या खात्यापासून दूर ठेवले जाई. गिरणी कामगारांच्या 1928 च्या मोठ्या संपात डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी ही बंदी उघडपणे चर्चेस आणली. नात्यागोत्यावर, गावावर आणि जातीवर चालणाऱ्या प्रभावात ज्यांना जागा मिळते त्यांना तो आधार वाटतो, पण ज्यांना मिळत नाही त्यांच्यापुढे तोच बंद दरवाजा होतो, ही गोष्ट या खात्याइतकी स्पष्टपणे क्वचितच कोठे दिसली असेल.

प्रभावाचे घटक वेगळे करण्याचा शास्त्रीय प्रयत्न बराच नंतरचा आहे. 1959 मध्ये जॉन फ्रेंच आणि बर्ट्रम रेव्हन या अमेरिकी सामाजिक मानसशास्त्रज्ञांनी प्रभावाचे पाच आधार मांडले : बक्षीस देण्याची क्षमता, शिक्षा करण्याची क्षमता, पदाचा मान्य हक्क, ज्ञान किंवा कसब, आणि त्या व्यक्तीशी वाटणारी आपुलकी. 1980 मध्ये डेव्हिड किपनिस आणि त्यांच्या दोन सहकाऱ्यांनी 165 जणांना कामाच्या ठिकाणी आपले म्हणणे कसे मान्य करून घेतले ते लिहायला सांगितले, त्या लेखनातून 370 डावपेच वेचले आणि त्यांवरून युक्तिवाद, खुशामत, देवाणघेवाण, गटबांधणी, वरिष्ठांकडे दाद मागणे अशा आठ प्रकारांची प्रश्नावली तयार केली. व्यक्तीने स्वतःची शैली ओळखण्यासाठी आज जी साधने वापरली जातात त्यांतील कित्येकांची मुळे या कामात आहेत. ही मोजणी प्रभाव टाकणाऱ्याच्या स्वतःच्या सांगण्यावर उभी होती. पुढे गॅरी युक्ल यांच्यासारख्या अभ्यासकांनी ज्यांच्यावर प्रभाव टाकला जातो त्यांनाही प्रश्न विचारले, आणि ही सुधारणा मूलभूत महत्त्वाची होती. फ्रेंच आणि रेव्हन यांचे पाचही आधार जॉबरपाशी होते, तरीही त्याचे वजन कधी वाढले आणि कधी ओसरले याचे उत्तर त्या यादीत मिळत नाही, कारण ते उत्तर त्याच्या हाताखालच्या माणसांच्या वागण्यात दडलेले आहे.

1929 मध्ये नेमलेल्या रॉयल कमिशन ऑन लेबर या आयोगाने, ज्याचे अध्यक्ष हाउस ऑफ कॉमन्सचे माजी सभापती जे. एच. व्हिटली होते आणि सदस्यांत ना. म. जोशी यांचा समावेश होता, 1931 च्या अहवालात भरती आणि बडतर्फीची सत्ता जॉबरकडून काढून घ्यावी व गिरण्यांनी लेबर ऑफिसर नेमावेत अशी शिफारस केली. अहवालाचा रोख योग्य होता, परंतु जॉबर म्हणजे कामगारांना मुठीत ठेवणारा सर्वसत्ताधीश हे जे चित्र त्या काळात रूढ झाले, ते घटनांशी जुळत नाही. 1928 च्या एप्रिलपासून ऑक्टोबरपर्यंत सुमारे दीड लाख कामगार संपावर होते. एका विणकराने दोनऐवजी तीन साचे चालवावेत यांसारख्या बदलांना त्यांचा विरोध होता. त्या संपात उभ्या राहिलेल्या गिरणी कामगार युनियनची सभासदसंख्या वर्षअखेरीस 50,000 च्या वर गेली आणि तिच्या गिरणी समित्या खात्याखात्यांत जॉबरच्या निर्णयांना जाब विचारू लागल्या. जॉबर खरोखर सर्वसत्ताधीश असता तर हे घडलेच नसते. इतिहासकार राजनारायण चंदावरकर यांनी 1994 च्या आपल्या ग्रंथात दाखवून दिले की जॉबरांमध्ये आपसांत स्पर्धा होती, कामगारांचा पाठिंबा गमावलेला जॉबर मालकाच्याही उपयोगाचा राहत नसे, आणि म्हणून संपाच्या वेळी त्याला अनेकदा आपल्या माणसांमागून जावे लागे. हे प्रतिपादन अधिक पटणारे आहे, कारण त्यात बदली कामगाराला स्वतःची बुद्धी आणि हिशेब असलेला माणूस मानले आहे.

1934 च्या कायद्याने मुंबईत सरकारी लेबर ऑफिसरचे पद निर्माण झाले आणि 1935 मध्ये गिरणीमालक संघाने बदली नियंत्रण योजना सुरू केली, जिच्यानुसार ठरावीक संख्येच्या बदलींना दर महिन्याला कार्ड देऊन त्यांच्यातूनच रोजची भरती करायची होती. निवडीचा अधिकार कागदावर आला तरी कार्ड कोणाला मिळावे यासाठी शब्द टाकणारा माणूस लगेच नाहीसा झाला नाही. स्वातंत्र्यानंतर भरतीचे नियम आणि मान्यताप्राप्त संघटना पक्क्या होत गेल्या तसा जॉबर हळूहळू निव्वळ तांत्रिक देखरेखीपुरता उरला. 18 जानेवारी 1982 रोजी सुरू झालेल्या संपानंतर गिरण्याच एकेक करून बंद पडल्या.

या इतिहासाची साधने आजही एकतर्फी आहेत : मालक संघाचे अहवाल, आयोगांपुढील साक्षी, पोलिसांच्या नोंदी. मीना मेनन आणि नीरा आडारकर यांनी गिरणगावातील कामगारांच्या मुलाखतींवर आधारलेला मौखिक इतिहास सिद्ध करून वाट दाखवली आहे. ज्या कुटुंबांत बदली कार्डे, पगाराच्या चिठ्ठ्या, गावकरी मंडळांच्या वह्या किंवा जॉबर असलेल्या वडीलधाऱ्यांच्या आठवणी शिल्लक असतील, त्यांनी त्या एखाद्या ग्रंथालयाकडे किंवा विद्यापीठाकडे नोंदवाव्यात, आणि हे काम त्या आठवणी सांगणारी पिढी हयात असेतोवर व्हावे.