दुभाष्या

कोहमारा हे रस्त्यांनी घडवलेले गाव आहे. मुंबई-कोलकाता महामार्ग, पूर्वीचा क्रमांक ६ आणि आताचा ५३, इथून जातो. गोंदियाहून येणारा रस्ता इथेच त्याला मिळतो. एका अंगाला नागपूर, दुसऱ्या अंगाला रायपूर. साहजिकच इथल्या दुकानाच्या एका फळीवर सकाळपासून संध्याकाळपर्यंत झाडीबोली, पोवारी, गोंडी, हिंदी आणि छत्तीसगढी ऐकू येतात. अशा गावाला दुभाष्याचे मोल वेगळे सांगावे लागत नाही. ज्याला दोन बोली येतात त्याचा सौदा लवकर होतो. या गावातल्या आमच्या घरात एक दुभाष्या फार उशिरा आला. तो हातभर लांबही नव्हता आणि दोन पेन्सिल सेलवर चालत असे. त्याचे नाव युनिव्हर्सल रिमोट.

त्याची गोष्ट सांगायची तर थोडे मागे जावे लागेल. १ ऑगस्ट १९७५ ते ३१ जुलै १९७६ या वर्षभरात अमेरिकन उपग्रहाच्या साहाय्याने देशातील सहा राज्यांच्या सुमारे २,४०० खेड्यांत दूरदर्शनचा प्रयोग झाला. त्यात याच महामार्गावर पुढे असलेल्या रायपूर भागातील खेडी होती, महाराष्ट्र नव्हता. म्हणजे रस्ता एकच, पण चित्र सीमेपलीकडे उतरले आणि अलीकडे आले नाही. आमचा भाग तेव्हा भंडारा जिल्ह्यात होता. गोंदिया जिल्हा झाला १ मे १९९९ रोजी. पुढे १९८२ साली रंगीत प्रक्षेपण सुरू झाले, १९८७ च्या जानेवारीत ‘रामायण’ आले, आणि रविवारची सकाळ साऱ्या गावाची एकच झाली. त्या काळच्या संचाला लाकडी सरकते दार होते, वाहिनी बदलायला खटका होता, आणि बदलण्याजोगी वाहिनीच नव्हती. जिथे निवड नाही तिथे रिमोटचे काम काय?

रिमोटचा जन्म निवडीतून, अधिक नेमके म्हणजे कंटाळ्यातून झाला. अमेरिकेतील झेनिथ कंपनीने १९५० साली वायरीने जोडलेला रिमोट काढला. त्या वायरीत लोकांचे पाय अडकत. १९५५ साली युजीन पॉली यांनी प्रकाशझोताचा रिमोट बनवला. जाहिरातींचा आवाज खुर्चीतूनच बंद करता येतो, हे त्याचे मोठे आकर्षण होते. पण खिडकीतले ऊन पडद्याच्या कोपऱ्यावर पडले तरी संच आज्ञा झाल्यासारखा वागे. १९५६ साली रॉबर्ट अ‍ॅडलर यांनी ॲल्युमिनियमच्या छोट्या दांड्यांवर आघात करून माणसाला ऐकू न येणारा नाद वापरला. अवरक्त किरणांचा आजचा रिमोट स्थिरावला तो १९८० च्या दशकात.

आणि तिथेच भाषेचा प्रश्न उभा राहिला. रिमोटचा दिवा सेकंदाला सुमारे ३६ ते ४० हजार वेळा लुकलुकतो आणि त्या लुकलुकण्याच्या लहानमोठ्या तुकड्यांतून शब्द तयार होतो: आधी ‘कोणासाठी’, मग ‘काय’. फिलिप्सच्या एका पद्धतीत हा शब्द १४ अक्षरांचा, एनईसीच्या पद्धतीत ३२ अक्षरांचा. एकीत यंत्राचे नाव एकदाच घेतात. दुसरीत नाव आणि आज्ञा दोन्ही उलट करून पुन्हा म्हणतात, म्हणजे ऐकण्यात चूक राहू नये. व्याकरण निराळे, म्हणून एकाचे बोलणे दुसऱ्याला कळत नाही. ॲपलचे सहसंस्थापक स्टीव्ह वॉझ्निअ‍ॅक यांनी १९८७ साली ‘कोअर’ नावाचा रिमोट काढला. तो इतर रिमोटांचे बोलणे ऐकून लक्षात ठेवी. कल्पना मोठी होती. वापरणे इतके अवघड, की तो फारसा खपला नाही.

आमच्याकडे हा प्रश्न सेट टॉप बॉक्सबरोबर आला. केबलचे डिजिटलीकरण ३१ मार्च २०१७ रोजी ग्रामीण भागापर्यंत पूर्ण व्हायचे होते. घरोघरी डबा आला, म्हणजे दुसरा रिमोट आला. आमचे वडील निवृत्त शिक्षक. आयुष्यभर वर्गाला गप्प बसवलेला माणूस आता दोन रिमोट घेऊन पडद्यावरील ‘सिग्नल नाही’ या अक्षरांसमोर बसू लागला. कोणत्या रिमोटने संच सुरू होतो आणि कोणत्याने आवाज वाढतो, हे ते पुनःपुन्हा विसरत आणि नातवाला हाक मारत. नातू कंटाळे. हळूहळू त्यांनी हाक मारणे सोडले. संध्याकाळच्या बातम्याही सोडल्या. घरात कोणी त्यांना काही नाकारले नव्हते. तरी त्यांच्या हातून काहीतरी गेले होते, आणि ते गेल्याचे आम्हाला महिनाभर कळले नाही.

मराठी माणसाला ‘रिमोट’ या शब्दातली सत्ता शिकवावी लागत नाही. १९९५ साली राज्यात शिवसेना-भाजप युतीचे सरकार आले आणि त्याचा रिमोट कंट्रोल आपल्या हाती असल्याचे बाळासाहेब ठाकरे यांनी उघडपणे सांगितले. ज्या अनेक घरांत ती वस्तू पोहोचलीही नव्हती, त्या घरांत तिचे रूपक पोहोचले. अर्थ स्पष्ट होता: खुर्चीवर न बसता चालवलेली सत्ता. पण या रूपकाने एक बाजू झाकली. रिमोट नसणे म्हणजे काय, हे त्यात येत नाही.

त्याआधी प्रेक्षकाच्या हाती काही नव्हते असे मात्र नाही. दिवाळीनंतर झाडीपट्टीत मंडई भरते, रात्रभर नाटके आणि दंडारी चालतात. तिथे पद आवडले की ‘वन्समोर’ होतो आणि नटाला ते पुन्हा म्हणावे लागते. ही आज्ञाच होती. फरक एवढाच की ती एकट्याची नव्हती. ती सभेतून उठे आणि एकट्याने ओरडणारा हास्यास्पद ठरे. रिमोटने ती आज्ञा सभेकडून काढून एका मुठीत दिली.

शेवटी गोंदियाच्या बाजारातून शिकणारा रिमोट आणला. जुना आणि नवा समोरासमोर ठेवायचे, जुन्यावरचे बटण दाबायचे, नव्याने ते ऐकून घ्यायचे. नातवाने पाचच बटणे शिकवली: चालू-बंद, आवाज दोन, वाहिनी दोन. बाकीच्यांवर वडिलांनी स्वतः कागद चिकटवला. बातम्या पुन्हा सुरू झाल्या. आता आईची मालिका आणि वडिलांच्या बातम्या यांत भांडण होते, कारण मूठ एकच आहे. पण ते भांडण बरोबरीच्या माणसांचे आहे, म्हणून ते मला त्या महिनाभराच्या शांततेपेक्षा बरे वाटते.

जुने दोन्ही रिमोट फेकून द्यावे असे मी म्हणालो, तेव्हा वडिलांनी ते रुमालात बांधून कपाटात ठेवले. नवा बिघडला तर त्याच्या जागी येणाऱ्याला शिकवणार कोण, एवढेच ते म्हणाले. भाषेच्या शिक्षकाकडून मी याहून वेगळ्या उत्तराची अपेक्षा करायला नको होती. दुभाष्या मिळाला म्हणून मूळ बोली टाकून देत नाहीत.