ठाणे खाडी फ्लेमिंगो अभयारण्यातील क्षेत्रभेटी

मुंबई व नवी मुंबई यांमधील ठाणे खाडीत विद्यार्थी आणि पर्यटकांसाठी मार्गदर्शकांसह निसर्ग अभ्याससहली आयोजित केल्या जातात. राज्य शासनाने २०१५ मध्ये येथे फ्लेमिंगो अभयारण्य घोषित केले. मालवणनंतरचे हे महाराष्ट्रातील दुसरे सागरी अभयारण्य असून त्याचे क्षेत्र सुमारे १७ चौरस किलोमीटर आहे. २०२२ मध्ये ठाणे खाडीचा समावेश रामसर स्थळांच्या यादीत झाला. भेटींचे प्रमुख ठिकाण असलेले ऐरोली येथील किनारी व सागरी जैवविविधता केंद्र वन विभागाच्या कांदळवन कक्षाच्या अखत्यारीत येते.

कांदळवनाचा अभ्यास

केंद्रातील दालन पाहून झाल्यावर विद्यार्थ्यांना खारफुटीतील पायवाटेवर नेता येते. येथे तिवर विपुल आहे. चिखलातून वर आलेली त्याची श्वसनमुळे आणि पानांवर साचणारे मीठ या दोन गोष्टी पाठ्यपुस्तकातील ‘अनुकूलन’ ही संकल्पना डोळ्यांसमोर उभी करतात. चिखलावर सरपटणारी निवटी आणि एक नांगी मोठी असलेले खेकडे पाहण्यासाठी मात्र काही काळ शांत उभे राहावे लागते.

नौकाविहार व पक्षिनिरीक्षण

नौकेची वेळ शाळेच्या सोयीने नव्हे, तर भरती-ओहोटीनुसार ठरते. भरतीची वेळ दररोज सुमारे ५० मिनिटांनी पुढे सरकते. पूर्ण ओहोटीत नौका चिखलात रुतू शकते, तर पूर्ण भरतीत पक्ष्यांच्या चरण्याचे चिखलपट्टे पाण्याखाली जातात. त्यामुळे सहलीचा दिवस निवडताना भरतीचे कोष्टक पाहणे अपरिहार्य असते. रोहित पक्ष्यांचा (फ्लेमिंगो) हंगाम साधारणतः नोव्हेंबर ते मे असा असतो. मोठा रोहित उंच व फिकट, तर लहान रोहित ठेंगणा, अधिक गुलाबी आणि गडद चोचीचा असतो. नौका फार जवळ नेल्यास थवा उडतो व पक्ष्यांचे चरणे खंडित होते. म्हणूनच अंतर राखणे महत्त्वाचे ठरते.

मर्यादा

खाडीच्या वासाचा प्रश्न अशा भेटीत टाळता येत नाही. शहरांच्या सांडपाण्यातील पोषकद्रव्यांमुळे वाढणारे शैवाल हे लहान रोहितांच्या येथील गर्दीचे एक कारण मानले जाते. म्हणजेच पक्ष्यांची मोठी संख्या हा खाडी स्वच्छ असल्याचा पुरावा नव्हे. शिवाय नौकेतून पक्ष्यांचा अर्धाच दिनक्रम दिसतो. भरतीच्या वेळी अनेक थवे नेरूळ-सीवूड्स परिसरातील पाणथळ जागांवर विसावतात. या जागा अभयारण्याच्या हद्दीबाहेर असून तेथील बांधकाम व पाण्याचा प्रवाह अडवण्यावरून वाद झाले आहेत.