दांताच्या मुळांतील चुना

१९१० सालीं लंडनचे डॉक्टर विल्यम हंटर यांनीं माँट्रियल येथील व्याख्यानांत, दांतांवरील सोन्याच्या टोपणांखालीं दडलेला पू हेंच अनेक व्याधींचें मूळ ठरविलें. त्या मताच्या लाटेंत पुढें असंख्य दांत उपटले गेले. दांत राखून जंतु मारावे कसे, हा खरा प्रश्न होता. १९२० सालीं जर्मनींत हेर्मान यांनीं मुळाच्या पोकळींत कॅल्शियम हायड्रॉक्साइड योजिलें. रसायनदृष्ट्या हा विड्याचाच चुना! त्याच्या तीव्र क्षारतेनें बहुतेक जंतु नष्ट होतात. परंतु एंटरोकोकस फीकॅलिस हा चिवट जंतु मुळाच्या सूक्ष्म नलिकांत दडून तग धरतो. म्हणून आधीं पोकळी खरवडून जंतुनाशक द्रवानें धुणें अवश्य. औषध स्वच्छतेस साह्य करतें, तिची जागा घेत नाहीं. आणि घरचा चुना दांतांत भरणें तर सर्वथा वर्ज्य!