दोन चरित्रे आणि तिसरा साक्षीदार

एकच चरित्र वाचून थोर पुरुष कळला असे मानणे, म्हणजे एकाच साक्षीदारावर निकाल देणे होय. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांविषयी तरी मराठी वाचकाने तसे करू नये, असे आम्हांस वाटते.

चांगदेव खैरमोडे यांच्या चरित्राचा पहिला खंड १९५२ साली निघाला. धनंजय कीर यांचे इंग्रजी चरित्र १९५४ साली आले, मराठी १९६६ साली. खैरमोडे बाबासाहेबांच्या सहवासातले. मिळेल तो कागद जपून ते खंडामागून खंड रचीत गेले. कीरांनी सारे आयुष्य एका ग्रंथात बांधले. मात्र १९५० सालीच त्यांनी सावरकरांचे चरित्र लिहिले होते, हे वाचताना ध्यानात ठेवावे. सहवासाने तपशील मिळतो, अंतराने आकार दिसतो. दोहोंनाही आपापल्या मर्यादा असतात.

शिवाय, हे ग्रंथ प्रथम निघाले तेव्हा १४ ऑक्टोबर १९५६ उजाडायचा होता. नागपूरच्या ज्या धर्मांतराने वऱ्हाडातील असंख्य घरांचे जिणे पालटले, ते त्या पहिल्या आवृत्त्यांत कोठून असणार? पुढे ते लिहिले गेले. पण घराघरांत काय घडले, ते घरच सांगेल.

त्या दिवशी दहा वर्षांचा असलेला मुलगा आज ऐंशीच्या आसपास आहे. मालेगावच्या परिसरात असे कोणी असतील, तर त्यांचे सांगणे नावगावासह उतरून घ्यावे आणि ग्रंथांशी ताडून पाहावे. हा तिसरा साक्षीदार ओसरीवर बसला आहे. तो उठून जाण्यापूर्वी त्याची जबानी व्हावी, एवढीच आमची विनंती.